मॉर्गोंचा सडका दगड

कतारगाम, सुरत
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय सुमित,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण सुरतेची थंडी ती किती, पंधरा दिवसांची पाहुणी. बाजारात पोंक, म्हणजे इथला हुरडा, आला आहे. सवयीने अर्धा किलो घेतला आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आता खाणारं माणूस एकच आहे. उतरायण तीन दिवसांवर आलंय, त्यामुळे गच्चीवर सकाळपासून गाणी लावलेली असतात. खालच्या मजल्यावरचे धर्मेंद्रभाई उंधियू आणून देणार आहेत. "मासी, एकलां एकलां शुं बनावशो?" म्हणाले. त्यांचं हिऱ्यांच्या कारखान्यातलं काम सध्या मंद आहे, पण माणूस तसाच हसरा.

कागदावर लिहितेय याचं तुला नवल वाटेल. स्पीड पोस्टाने तुझ्याकडे पोचायला बारा-पंधरा दिवस लागतील असं पोस्टातली मुलगी म्हणाली. लागू देत. फोनवर मला हे सांगता येणार नाही. तू मध्येच काहीतरी विचारशील, मी मध्येच गप्प होईन, आणि मग आपण हवापाण्यावर येऊ. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओदील म्हणायच्या, जे तोंडाने सांगायला जड जातं ते सुवाच्य अक्षरात लिहावं, म्हणजे निदान अक्षराकडे लक्ष राहतं. तसंच करते आहे.

बुधवारचा तुझा फोन मी नीट ऐकला. बाबांच्या वर्षश्राद्धाला येणार नाही म्हणालास. छाटणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, एवढ्यावर थांबला असतास तर मी मान्य केलं असतं. पण तू पुढे म्हणालास, "आई, खरं सांगू? ज्या माणसाने माझं एक वर्ष मोरीत ओतलं, त्याच्या नावाने पिंड ठेवायला माझा हात वळणार नाही." आणि हेही म्हणालास, की मेसेजच्या शेवटी "बाबांचे आशीर्वाद" लिहिणं आता तरी बंद कर. "आठ वर्षं तू ते स्वतःच्या मनानेच लिहीत आलीस. त्यांना विचारून एकदा तरी लिहिलंस का?"

नव्हतं विचारलं. आपल्याकडे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहायची मी.

तेव्हापासून चार दिवस मी तुला उत्तर शोधते आहे, आणि दर वेळी सिस्टर ओदीलच आठवतात. तू लहान असताना किती वेळा सांगितलंय मी तुला त्यांच्याबद्दल. भुसावळच्या आमच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. बोर्डिंगच्या विहिरीजवळ एक मोठा दगड होता, त्यावर बसून काजं कशी करायची ते दाखवता दाखवता आपल्या गावच्या टेकड्यांबद्दल बोलायच्या. बोजोले हे फ्रान्समधल्या त्यांच्या त्या मुलखाचं नाव मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. त्यांच्या गावची द्राक्षाची वेल मांडवावर चढवत नाहीत, तारेला बांधत नाहीत. गुडघ्याएवढी, एकेकटी उभी असते. थंडीत पानं गळली की सगळा उतार मुठी वर करून बसलेल्या म्हाताऱ्यांनी भरल्यासारखा दिसतो. तोडणीला सगळं गाव कमरेत वाकतं, आणि संध्याकाळी कुणालाच सरळ उभं राहता येत नाही म्हणून सगळे एकमेकांना हसतात. हे सांगताना त्या स्वतःही हसायच्या, आणि मग एकदम आमची टाके घातलेली कापडं तपासायला लागायच्या. परत कधी गेल्या नाहीत त्या तिकडे.

तुला झोपवताना मी राजाराणीच्या गोष्टी सांगायला हव्या होत्या. मी त्या टेकड्या सांगितल्या. नवसारीला शेतकी शिकून, नाशिकला चार वर्षं द्राक्षांत काढून तू वाइन करायला फ्रान्सला निघालास, तेव्हा तुझे बाबा मला एवढंच म्हणाले होते, "तुझ्या सिस्टरच्या गावाला चाललाय तो. माझ्या गावाला कधी आला नाही."

बाबांचा राग दारूवर होता असं तू धरून चाललास. मीही तेच धरून चालले होते. पण तू फोनवर उत्साहाने सांगितलंस ना, की बोजोलेतल्या मॉर्गों गावात एका म्हाताऱ्याची एकराहून थोडी कमी जमीन तुला मिळाली आहे, पीक निम्मं त्याचं, निम्मं तुझं, तिथे तशीच रीत आहे, त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या बापाने पारोळ्याला निमबटाईने दुसऱ्याची जमीन कसली. त्यातून सुटायला मी बँकेत चिकटलो, सुरतेला आलो. आणि माझा मुलगा समुद्रापलीकडे जाऊन निमबटाई करतो." यात दारूचा शब्दसुद्धा नव्हता. मी तुला तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी नुसतं कळवलं, बाबांना बरं वाटलं.

मग तू सतराच्या दिवाळीला आलास. स्वेटरमध्ये गुंडाळलेली ती बाटली, सोळा सालच्या तोडणीची, तुझ्या नावाची पहिली. आणि तो दगड. जेवणाच्या टेबलावर तू तो ठेवलास आणि आम्हा दोघांना शाळेतल्या मुलांसारखं बसवून समजावलंस. मला सगळं पाठ आहे. उत्तरेकडे गुलाबी ग्रॅनाइटची वाळू, खाली दक्षिणेला पिवळी चुनखडी, आणि मधल्या तुमच्या टेकडीवर हा निळसर काळा, हातात धरला तर कुसकरणारा. गामे द्राक्ष तेच, पण चुनखडीत लावलं तर हलकी, हसरी वाइन होते, वर्षाच्या आत पिऊन टाकायची. या दगडात लावलं तर चार-पाच वर्षं ती काही बोलतच नाही, आणि मग बोलायला लागते. घड अख्खेच टाकीत टाकायचे, चिरडायचे नाहीत. वरच्यांच्या वजनाने खालचे आपोआप फुटतात.

"आणि बाबा," तू म्हणालास, "या गामेला सहाशे वर्षांपूर्वी शेजारच्या बरगंडीच्या सरदाराने हुकूम काढून हाकललं होतं. हलकी जात म्हणून. तिला ही जमीन मानवली."

"आणि तू तिच्या मागे गेलास," हे म्हणाले. पण दगड हातात घेऊन बघत होते, तुला आठवतं का? चष्मा वर करून बघत होते.

दुसऱ्या दिवशी तोच दगड घेऊन ते खाली धर्मेंद्रभाईंकडे गेले होते. धर्मेंद्रभाईंनी हिरे बघायची काच डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आ तो सडेलो पथ्थर छे. कोणे पधराव्यो?" यांनी वर येऊन ते तुला सांगितलं तर तू हसत सुटलास. म्हणालास, तिथले लोकही त्याला सडका दगडच म्हणतात, अगदी याच शब्दात. त्यावर हेही हसले. माझ्यासमोर तुम्ही दोघं एकत्र हसलात ते तेव्हाचं शेवटचं.

पाडव्यानंतर तू दोन दिवस नवसारीला मित्रांकडे गेलास. जाताना मला बजावलंस, "आई, थंड जागी ठेव हं. बाबांशी बोललोय मी, परत आल्यावर उघडू. ते 'बघू' म्हणालेत."

आता पुढचं नीट वाच. माझं अक्षर इथे थोडं बिघडेल.

आपल्या घरात थंड जागा कुठली रे, त्या ऑक्टोबरच्या उकाड्यात? आणि मला थंडपणापेक्षा लपवण्याची काळजी जास्त. दारूबंदीच्या गुजरातेत घरात बाटली, वरून बाबांची निवृत्ती झालेली, सोसायटीत मान. फ्रिजमध्ये ठेवली तर कुणीही उघडेल. म्हणून मी ती गॅसच्या वरच्या माळ्यावर, पुरणयंत्रामागे ठेवली. कलाबाईचा हात तिथे पोचत नाही म्हणून. दिवसभर खाली शेगडी, वरती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी बूच अर्धं वर आलं होतं आणि भिंतीवरून लाल ओघळ उतरला होता.

तो मी नाही, कलाबाईने पाहिला.

कलाबाई तुला माहीत आहे. कोसाडहून आपल्याकडे धुण्याभांड्याला यायची, आता तिची सून येते. तिचा नवरा हिलाल बमरोलीला लूमवर होता आणि पिशवीतली दारू पिऊन गेला, तू फ्रान्सला गेलास त्याच वर्षी. तो जिवंत असताना सहा वर्षं मी तिला रोज एकच सांगायची. घाबरू नकोस, मार खाऊन गप्प बसू नकोस, पिशवी सापडली की सरळ मोरीत ओत. तिने दोनदा ओतली आणि दोनदा मार खाल्ला. तिच्या कपाळावरची खूण त्यातलीच.

तिने ओघळाला बोट लावलं, वास घेतला, आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, हाई तुमना घरमा बी?"

मी म्हटलं, अगं, ही तसली नव्हे. ही द्राक्षाची. सुमितने स्वतः केलीय. परदेशात जेवताना घेतात.

ती म्हणाली, "हिलाल बी म्हने, ही तसली नही." मग म्हणाली, "तुम्हीच सांगतस ना काकू, सापडनी का मोरीमा वती देवानी."

टोमणा नव्हता त्यात. ती खरंच वाट बघत होती, मी काय करते याची. मला तिला दगडाबद्दल, टेकडीबद्दल, सिस्टर ओदीलबद्दल सांगता आलं असतं. एवढं तरी म्हणता आलं असतं की माझ्या मुलाची वस्तू आहे, मी हात लावणार नाही. पण सहा वर्षं मी तिच्यासमोर ज्या खुर्चीवर बसून बोलत होते, तिच्यावरून मला उतरायचं नव्हतं. मी स्टूल घेतलं, बाटली काढली आणि तिच्यासमोर मोरीत ओतली. सगळी. शेवटी उलटी करून धरली.

मी ओतली, सुमित. बाबांनी नाही.

कलाबाईने फिनेल टाकून मोरी घासली. पांढऱ्या फरशीवरचा गुलाबी डाग पुढे महिनाभर गेला नाही.

हे पासबुक भरायला बँकेत गेले होते, ते परत आले तेव्हा बाटली मोरीच्या कठड्यावर उलटी होती. त्यांनी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "कलाबाई होती," एवढंच मी म्हणू शकले. हात धुवायलाही मोरीत गेले नाहीत, बेसिनला धुतले. आणि त्याच संध्याकाळी तू आलास.

तू त्यांनाच विचारलंस. मला नाही. "बाबा, हे तुम्ही केलंत?" मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी बोलणार होते, खरंच बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुला म्हणाले, "घरात नको, असं मी आधीच म्हटलं होतं." खोटं ते तेव्हाही बोलले नाहीत बघ. तसं ते म्हणाले होतेच, ऑगस्टमध्ये, फोनवर. तू बॅग उचललीस. रात्रीच्या गाडीचं तिकीट नव्हतं तरी स्टेशनवर जाऊन बसलास. मी तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले, हातात चिवड्याचा डबा घेऊन. डबा द्यायचं सुचलं मला.

त्या रात्री मी यांना म्हटलं, मी सांगते त्याला. हे म्हणाले, "आज नको. माझ्यावर रागावला तर चार दिवसांत निवळेल. तुझ्यावर रागावला तर त्याला घरच उरणार नाही." चार दिवसांचं एक वर्ष झालं, मग दोन. दर वर्षी सांगणं जास्त कठीण होत गेलं, आणि दर वर्षी मला त्याची सवयही होत गेली. तू मला फोन करत होतास, फुलांचे, बर्फाचे फोटो पाठवत होतास. तेवढं मला पुरत होतं. ते मात्र शेजारच्या खुर्चीत बसून, पेपर वाचतोय असं दाखवत, माझ्या बाजूचं बोलणं ऐकायचे. गारपीट झाली का, ते मला तुला विचारायला लावायचे. कमरेचं दुखणं विचार म्हणायचे. ते सगळे प्रश्न त्यांचे होते. मला गारपिटीतलं काय कळतं?

आणखी एक आहे. ओतताना माझ्या बोटांवरून थोडी आली. कलाबाई गेल्यावर मी ते बोट चाखलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. आधी आंबट लागलं. मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसं काहीसं. आणि ते गेल्यावर, बऱ्याच वेळाने, बोर्डिंगच्या विहिरीजवळच्या ओल्या दगडाचा वास. मी मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. तुझी वाइन तुझ्या घरात चाखलेली मी एकटीच.

यांना ते माहीत होतं बहुतेक. दोन-तीन वर्षांनी एकदा आम्ही दोघं वालपापडी निवडत बसलो होतो, आणि मान वर न करता त्यांनी विचारलं, "चव कशी होती गं?"

मला लाज वाटली. मी म्हटलं, "कडू."

"असं," म्हणाले, आणि पापडी निवडत राहिले.

गेल्या सोमवारी पेन्शनच्या कामासाठी त्यांची हिरवी फाइल काढली. तुला ती माहीत आहे, प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी: वीज, घरपट्टी, वैद्यकीय. वैद्यकीयच्या तळाशी, डोळ्याच्या ऑपरेशनच्या कागदांखाली, दारूचा परवाना होता. आपल्या राज्यात प्रकृतीच्या कारणासाठी देतात तो. तारीख बारा ऑक्टोबर दोन हजार सतरा. दिवाळीच्या आठवडाभर आधीची.

सोबत अर्जाची प्रत, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. कारण: निद्रानाश.

बातम्या चालू असताना खुर्चीत घोरणारा माणूस, सुमित. छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे फॉर्म तपासले, जन्मतारखेची खाडाखोड चालू दिली नाही. त्यांनी सरकारी कागदावर लिहिलेलं एकमेव खोटं ते असेल. तेव्हा "रक्तदाब तपासायला" म्हणून तीन सकाळी रांगेत उभे राहून आले होते, आणि मी म्हटलं होतं, दिवाळीच्या कामात नेमका आत्ताच काय तुमचा रक्तदाब. तू आणलेली बाटली त्या परवान्यात बसते की नाही कोण जाणे. त्यांना आपलं वाटलं असेल, मुलाच्या हातचं घ्यायचं तर चोरून नको.

त्याच दिवाळीत ते बाजारातून पातळ काचेचे दोन ग्लास घेऊन आले होते. कशाला, विचारलं तर "सरबताला" म्हणाले. मधुमेह असलेला माणूस. ते ग्लास अजून खोक्यात आहेत.

परवाना त्यांनी दर वेळी मुदत संपली की वाढवून घेतला. आतली पानं कोरी आहेत, एकदाही काही घेतल्याची नोंद नाही. शेवटची मुदत येत्या ऑक्टोबरपर्यंत आहे, म्हणजे ते गेल्यावरही अजून चालू. परवान्याच्या मध्ये तुझ्या बाटलीवरचा कागद आहे, पाण्यात सोडवून, वाळवून, सपाट केलेला. बाटली तापीत टाकून येतो म्हणून गेले होते तेव्हा आधी बादलीत भिजवली असणार. तुझ्या नावाखाली त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय, "२०२०-२१ नंतर." मला आधी अर्थ लागला नाही. मग आठवलं. चार-पाच वर्षं ती काही बोलत नाही, असं तूच सांगितलं होतंस.

दगडही तिथेच, रुमालात. एक कोपरा कुसकरलाय.

काल मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगितलं, कडू नव्हती. पाच-सहा वर्षं उशीर झाला आहे आणि फोटोला सांगण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं.

तू ये असं मी लिहिणार नाही. तो हक्क मी त्या दिवशी जिन्यातच गमावला, खरं सांगायचं सोडून चिवड्याचा डबा हातात धरून उभी राहिले तेव्हा. रागाव माझ्यावर. फोन नाही केलास तरी मी समजेन. तेवढ्याचीच मला इतकी वर्षं भीती होती, आणि त्या भीतीपायी मी एका माणसाला तुझ्यावाचून जाऊ दिलं. आलास तर पिंड तू ठेव. नाही आलास तर मी ठेवीन, भटजींनी नाही म्हटलं तरी. फक्त हात वळत नाही तो कोणासाठी, एवढं आता खरं ठरव.

कागदाची घडी मोडू नये म्हणून तुझं लेबल पुठ्ठ्यात घालून सोबत पाठवते आहे. त्यांचं पेन्सिलचं अक्षर पुसू नकोस.

कमरेला जप. वाकून छाटतोस तेव्हा मध्ये मध्ये उभा राहत जा, असं त्यांनी मला तुला सांगायला लावलं होतं, गेल्या वर्षी, जानेवारीतच.

तुझी,
आई

बाबांचे आशीर्वाद. ते या वेळी माझ्या मनाने लिहिलेले नाहीत.